सिरोंच्याच्या मुलीला वरंगलची शिकवणी कशाला?

जानेवारी लागला की सिरोंचा, अहेरी, आलापल्लीकडून एकाच प्रश्नाचे फोन सुरू होतात. "सर, पोरगी बारावीला आहे. बाकी विषय ठीक आहेत, पण इंग्रजीचं कठीण दिसते. महिनाभर वरंगलला ठेवू का? की चंद्रपूरला क्लास लावू? मोबाइलवरचा कोर्स घेतला तर चालते का?" मराठीबद्दलची विचारणा त्याहून उशिरा येते, थेट फेब्रुवारीत. मराठी आपोआप निघते असा घराघरांत समज आहे. ज्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत तेलुगू नाहीतर माडिया बोलली जाते, तिथेही हा समज आहे.

माझं उत्तर ठरलेलं आहे. कुठेही पाठवू नका. पैसे जवळ ठेवा आणि आधी पेपर नीट समजून घ्या.

बारावीचं इंग्रजी म्हणजे 80 गुणांची लेखी परीक्षा आणि 20 गुणांची तोंडी. त्यात गद्य आहे, कविता आहे, लेखनकौशल्य आहे आणि सध्याच्या पुस्तकात तीन कादंबऱ्यांतले उतारे आहेत. प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली, त्यालाही आता काही वर्षं झाली. न पाहिलेला उतारा येतो, त्याचा सारांश लिहायचा असतो. कवितेचं रसग्रहण चार गुणांचं असतं आणि त्यात स्वतःचं मत मागितलेलं असतं. मराठीतही अभिव्यक्ती आणि रसग्रहण आहेच. म्हणजे मुलांनी वाचावं, विचार करावा आणि स्वतःच्या वाक्यांत लिहावं, अशी मंडळाची अपेक्षा पेपरातच दिसते. महिनाभराच्या क्लासमध्ये नेमकं उलटं होतं. तिथे रसग्रहणाची तयार उत्तरं मिळतात. 'ही कविता अत्यंत आशयघन आहे' अशा छापाचं वाक्य कवितेचं नाव बदलून प्रत्येक उत्तरात बसवलेलं असतं. तपासनिसाच्या गठ्ठ्यात तसे पन्नास पेपर असतात. एकावन्नावा तुमच्या मुलीचा असावा, म्हणून तुम्ही हजारो रुपये मोजता आहात.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. पुस्तकात ममंग दाई यांची 'स्मॉल टाउन्स अँड रिव्हर्स' ही कविता आहे. ममंग दाई अरुणाचल प्रदेशातल्या पासीघाटच्या, आदी या आदिवासी समाजातल्या. पासीघाट सियांग नदीकाठी आहे आणि हीच सियांग पुढे आसामात ब्रह्मपुत्रा होते. झाडांमधलं लहानसं गाव, वर्षानुवर्षं तसंच राहणारं, शेजारी नदी, माणसांचं मरण आणि त्यानंतरचे विधी असा या कवितेचा ऐवज आहे. नदीला आत्मा आहे, तिला सगळं ठाऊक असतं, ही तिथल्या लोकांची श्रद्धा कवितेच्या मध्यभागी आहे.

आता सांगा, ही कविता महाराष्ट्रात कोणाला सगळ्यात जवळची वाटायला हवी? सिरोंच्याला प्राणहिता आहे. पलीकडे कालेश्वरमजवळ ती गोदावरीला मिळते. खाली सोमनूरला इंद्रावती येऊन मिळते. 2022 च्या एप्रिलमध्ये प्राणहितेचा पुष्कर झाला, बारा वर्षांनी. लोक लांबून स्नानाला आले, पितरांना तर्पण केलं. त्याच वर्षी जुलैत पूर आला आणि नदीकाठच्या गावांतली माणसं घरदार सोडून उंचावर गेली. एकाच नदीची एका वर्षात पूजाही झाली आणि भीतीही वाटली, हे आज बारावीत असलेल्या मुलांनी शाळकरी वयात डोळ्यांनी पाहिलं आहे. "नदीला आत्मा आहे असं कवयित्रीला का वाटतं?" या प्रश्नावर सिरोंच्याची मुलगी चार ओळी लिहू शकत नसेल, तर तिला इंग्रजी येत नाही हे कारण अर्धंच आहे. तिच्या अनुभवाचा या पेपरशी संबंध आहे, हे तिला कोणी सांगितलेलंच नाही. वरंगलच्या क्लासमधला माणूसही ते सांगणार नाही. त्याला सिरोंचा माहीत नाही.

दिलीप चित्रे यांच्या 'फादर रिटर्निंग होम' या कवितेचंही तसंच. मुंबईची लोकल न पाहिलेली मुलं म्हणतात, आम्हाला कविता कळत नाही. कवितेतला बाप दमून, भिजून घरी येतो, शिळं खातो आणि मुलं त्याच्याशी बोलत नाहीत. मिरची तोडायला तेलंगणात जाऊन दोन महिन्यांनी परतणारा बाप ज्या मुलीने पाहिला आहे, तिला यात न कळण्यासारखं काय आहे? अशाच एका मुलीने वहीत तीन साधी इंग्रजी वाक्यं लिहिली होती. बाबा घरी आले, आम्ही सगळे गप्प होतो, त्यांनाही काय बोलावं ते कळलं नाही, एवढंच. दोन ठिकाणी क्रियापदाचा काळ चुकला होता. तरीही गाइडमधल्या पानभर उत्तरापेक्षा ते उत्तर कवितेच्या कितीतरी जवळ होतं. काळ दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली.

मग मदत घ्यायचीच नाही का? घ्यायची, जरूर घ्यायची. पण फाडफाड इंग्रजी बोलणारा माणूस शोधू नका, वाचणारा माणूस शोधा. तो सिरोंच्यातच आहे. जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी असतील, बदली होऊन बँकेत आलेला तरुण असेल, दवाखान्यातल्या सिस्टर असतील, गोंडवाना विद्यापीठातून एम.ए. करून घरी बसलेली शेजारची ताई असेल. कनिष्ठ महाविद्यालयात विषयाचे शिक्षक असतील तर पहिला हक्काचा माणूस तेच. मुलाने स्वतः लिहिलेलं उत्तर घेऊन जावं आणि "सर, एवढं तपासून द्या" म्हणावं. नाही म्हणणारा शिक्षक मला क्वचितच भेटला आहे. जागा रिकामी असेल तर बाकीच्यांकडे वळा.

आठवड्यातून दोन संध्याकाळी तासभर पुरे. कविता किंवा उतारा मोठ्याने दोनदा वाचायचा, अर्थ सांगायचा नाही. मग मुलाने काय घडलं ते घरच्या भाषेत सांगायचं, तेलुगूत सांगा, माडियात सांगा. घरच्या भाषेत सांगता आलं नाही तर कळलेलं नाही, पुन्हा वाचायचं. त्यानंतर पुस्तक मिटून वीस मिनिटांत उत्तर लिहायचं. तपासणाऱ्याने व्याकरणाला लगेच हात लावू नये. आधी एकच विचारावं, "हे तू कशावरून म्हणतेस? ओळ दाखव." ओळ दाखवता आली तर उत्तर उभं राहिलं. नाही आली तर ते वाक्य गाइडमधून आलं आहे, खोडा. व्याकरण शेवटी. गाइड घरात असेल तर हरकत नाही, फक्त स्वतःचं उत्तर लिहून झाल्यावर उघडा. पाठ्यपुस्तक तर बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं.

कादंबरीच्या विभागाला मुलं उगाच घाबरतात. 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज'मध्ये फिलीअस फॉग पैज हरलो असं समजून बसतो आणि प्रत्यक्षात त्याच्या हातात एक दिवस शिल्लक असतो. का? तो पूर्वेकडे निघाला होता. एका रेखांशाला चार मिनिटं, 360 रेखांशांची 1440 मिनिटं, म्हणजे बरोबर चोवीस तास. कला शाखेची मुलं हे भूगोलात शिकलेली असतात. त्यांना फक्त आठवण करून द्यायला माणूस हवा. 'टू सर, विथ लव्ह'चे लेखक ब्रेथवेट गयानाचे, शिकलेले इंजिनिअर. कातडीच्या रंगामुळे लंडनमध्ये त्यांना त्या कामाची नोकरी मिळाली नाही, म्हणून ते गरीब वस्तीतल्या शाळेत मास्तर झाले. मुलांबरोबर पालकांनीही तो उतारा वाचावा.

आता पालकांशी थोडं कडक बोलतो. दहावीनंतर मुलाला आवड नसताना विज्ञान शाखेत घालायचं, दोन वर्षं सगळा पैसा आणि वेळ फिजिक्स-केमिस्ट्रीच्या ट्यूशनला द्यायचा, आणि जानेवारीत भाषांचं आठवून घाबरायचं, हा क्रम तुम्ही स्वतः घडवता. मुलगी कला शाखेत असेल तर तिच्यासमोर "हिला मार्क नव्हते म्हणून आर्ट्स" असं पाहुण्यांना सांगता. ती ऐकत असते. त्यानंतर तिने कवितेवर मनापासून लिहावं ही अपेक्षा ठेवू नका. आणि मिरचीच्या हंगामाला जाणाऱ्या आईवडिलांना हात जोडून सांगतो, पोटासाठी जावं लागतं हे मला समजतं. पण परीक्षा फेब्रुवारी-मार्चात असते. त्या दिवसांत स्वयंपाकाला आणि धाकट्याला सांभाळायला म्हणून मुलीला सोबत नेऊ नका. क्लासची फी भरायची तुमची तयारी होती ना? तेच पैसे तिला मावशीकडे किंवा आजीकडे ठेवण्यासाठी खर्च करा. कुठल्याही क्लासपेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

पुढे काय, हा दुसरा ठरलेला प्रश्न. पोलीस भरती, वनरक्षक, नर्सिंग, डी.एड., स्पर्धा परीक्षा हे रस्ते तुम्हाला माझ्याइतकेच माहीत आहेत. त्या प्रत्येकात भाषा लागते, एवढं सांगून मी थांबतो. यूपीएससीत मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय आहे, हेही नोंदवून ठेवा.

मला बोलायचं आहे ते भाषेच्या पदवीबद्दल, कारण त्याबद्दल कोणी विचारतच नाही. सिरोंच्याचं सतरा वर्षांचं पोर तेलुगू बोलतं, मराठीत शिकतं, हिंदी समजतं, पुष्कळांना माडिया किंवा गोंडी येते. पुण्या-मुंबईत एवढ्या भाषा येणाऱ्या माणसाचं कौतुक होतं, इथे त्याला 'धड एकही भाषा येत नाही' म्हणतात. हेमलकशाला 1973 मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा डॉक्टरांना आधी माडिया शिकावी लागली, मग रुग्ण बोलू लागले. तुमच्या मुलांना ती जन्मापासून येते. दवाखान्यात, न्यायालयात, तहसील कचेरीत, वनखात्यात माडिया माणसाचं म्हणणं मराठीत नीट पोचवणारा माणूस आजही लागतो. तेलुगूतून थेट मराठीत अनुवाद करणारे फार थोडे आहेत.

हैदराबादला इफ्लू, म्हणजे इंग्रजी आणि परकीय भाषांचं केंद्रीय विद्यापीठ आहे. त्याच शहरातल्या हैदराबाद विद्यापीठात बारावीनंतर भाषांचा पाच वर्षांचा एकात्मिक एम.ए. करता येतो, त्यात तेलुगू आहे, भाषाविज्ञानही आहे. सिरोंच्याहून चेन्नूरमार्गे मंचिर्याल गाठलं की तिथून रेल्वे आहे. मुंबईपेक्षा हैदराबाद तुम्हाला कितीतरी जवळ आहे. अनुवादाच्या कामात सुरुवातीला पैसा कमी आणि अनियमित असतो, हे आधीच सांगतो. म्हणून पदवीबरोबर बी.एड.चा विचार ठेवा, म्हणजे शिक्षकाची वाट मोकळी राहते.

यासाठी मात्र वेळापत्रक सांभाळावं लागतं. केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेशासाठी सीयूईटी ही परीक्षा असते. तिच्यात भाषेचा पेपर असतो आणि त्यात मुख्य भर वाचून समजण्यावर असतो, म्हणजे वर सांगितलेली संध्याकाळची तयारी इथेही चालते. तिचे अर्ज बारावीच्या निकालाआधीच भरून घेतले जातात आणि मुदत निकालाआधीच संपते. कोणत्या अभ्यासक्रमाला कोणते पेपर लागतात, ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहा. जातीचा दाखला आणि आधारवरचं नाव दहावीच्या मार्कशीटशी जुळतं का, हे डिसेंबरातच तपासा. सेतू केंद्रात दुरुस्तीला आठवडे जातात. निकाल हातात घेऊन जूनमध्ये माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मला एकच सांगता येतं, की त्या विद्यापीठांसाठी आता पुढच्या वर्षीपर्यंत थांबावं लागेल.