गोरं करणारी ट्यूब

प्रश्न : कोरपन्याजवळची अकरावीतली एक विद्यार्थिनी विचारते, 'रंगावरून चिडवतात म्हणून मेडिकलमधून ट्यूब आणली. आता उन्हात गाल भाजल्यासारखे होतात. काय करू?'

उत्तर : ट्यूबवरची बारीक अक्षरे आधी वाचावीत. बीटामेथासोन किंवा मोमेटासोन लिहिले असेल तर ते स्टेरॉइड. सुरुवातीला चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते, लाली येते, लव वाढते. मनानेच एकदम थांबवल्यास जळजळ वाढू शकते, म्हणून ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांना गाठावे.

त्वचेचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्याचा. ते बनवणाऱ्या पेशी गोऱ्या-काळ्या माणसांत संख्येने जवळजवळ सारख्याच असतात. सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त, म्हणून चंद्रपूरच्या उन्हात तिला संरक्षणही जास्त.

मे २०१८मध्ये याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांतले पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले. त्यांत मनीषा धुर्वे ही मुलगी होती. तिथे रंग नव्हे, कामी आले पाय, फुप्फुसे आणि सराव. आपले शरीर काय काय करते, याची नोंद प्रश्न विचारणाऱ्या मुलीनेही रोज वहीत करावी.

आणि घरच्यांनी 'सावळी असली तरी हुशार' यातला 'तरी' आजच काढावा. तो फार टोचतो. जेवण-झोप उडाली असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.