वायर तुटली की मोटरही बिघडते!

मोटरची वायर कापली तर मोटर बंद पडते. वर्षभराने वायर जोडली तर बहुतेक वेळा ती परत फिरायला लागते. मग मज्जातंतू, म्हणजे नर्व्ह, तुटलेल्या स्नायूचं पण असंच होत असेल ना? तसं होत नाही, कारण तोपर्यंत स्नायू आतूनच बदललेला असतो.

स्नायूला एनर्जी मिळते एटीपी या रेणूपासून. तो बनवायचे मुख्य मार्ग दोन. एक ग्लायकोलिसिस, म्हणजे ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज फोडणं. दुसरा मायटोकॉन्ड्रियामध्ये ऑक्सिजन वापरून इंधन जाळणं. दोन्हीकडे प्रत्येक पायरीवर एकेक एन्झाइम काम करतं. नर्व्ह तुटली की काही आठवड्यांतच मायटोकॉन्ड्रिया कमी होतात आणि सायट्रेट सिंथेज, सक्सिनेट डिहायड्रोजनेज ही त्यांतली एन्झाइम्स घटतात. वेगवान स्नायूंत ग्लायकोलिसिसची एन्झाइम्सही उतरतात. स्नायू बारीक होतो तो वेगळाच.

असं का होतं? १९६० मध्ये बुलर आणि एकल्स पिता-कन्येने मांजरांच्या वेगवान आणि मंद स्नायूंच्या नर्व्हज अदलाबदल करून जोडल्या. मंद स्नायू वेगवान झाला, वेगवान मंदावला! १९६७ मध्ये रोमानुल आणि व्हॅन डर म्युलेन यांनी दाखवलं की अशा अदलाबदलीत एन्झाइम्सही बदलतात. १९६९ मध्ये सॅमन्स आणि व्हर्बोव्हा यांनी नर्व्हला सेकंदाला सुमारे १० पल्स कित्येक आठवडे दिले, तर वेगवान स्नायू मंद झाला. म्हणजे नर्व्हमधून येणारा सिग्नल हा नुसता ऑन-ऑफ स्विच नाही. कुठली एन्झाइम्स किती बनवायची, हे ठरवण्यात त्या सिग्नलच्या पॅटर्नचा मोठा वाटा असतो.

आता आपल्या कामाचं गणित. बाइकवरून पडून खांद्याला जोराचा हिसका बसला तर हाताकडे जाणाऱ्या नर्व्हज तुटू शकतात. हेल्मेट डोकं वाचवतं, खांदा नाही. नर्व्ह दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. खांद्यापासून पंजा ६० सेंटिमीटर धरला तर ६०० दिवस, म्हणजे जवळजवळ २० महिने. आणि साधारण १२ ते १८ महिन्यांनंतर स्नायू नर्व्हला नीट दाद देत नाही. म्हणूनच सर्जन शक्यतो पहिल्या ३ ते ६ महिन्यांत ऑपरेशन करायचं बघतात.

तेव्हा अपघातानंतर कुणाचा हात उचलत नसेल, बधिर झाला असेल, तर "होईल हळूहळू बरा" म्हणून थांबू नका. लगेच डॉक्टरकडे न्या. वायर नंतरही मिळेल, पण मोटर थांबणार नाही!