‘लिमिटेशन’ म्हणजे नेहमी ‘मर्यादा’च का?

इंग्रजी उताऱ्यात ‘लिमिटेशन’ हा शब्द आला, की आपण पटकन ‘मर्यादा’ लिहितो आणि पुढच्या ओळीकडे वळतो. शब्दकोशातही तेच दिलेलं असतं. पण मित्रमैत्रिणींनो, प्रत्येक ठिकाणी ‘मर्यादा’ चालत नाही, आणि कधीकधी तर अर्थच बदलतो.

आधी मूळ बघू. ‘लिमिट’ आला लॅटिनमधल्या ‘लिमेस’वरून. लिमेस म्हणजे दोन शेतांमधली हद्दीची वाट. आपला बांधच म्हणा ना! म्हणून ‘लिमिट’ ही रेघ आहे, तर ‘लिमिटेशन’ म्हणजे त्या रेघेमुळे आलेला तोकडेपणा. वेगाला ‘लिमिट’ असतं. जुन्या फोनला ‘लिमिटेशन्स’ असतात.

याच कुळातले आणखी दोन शब्द आहेत. चौघांचा फरक वाचनालयात नीट कळतो.

पुस्तक सात दिवसांत परत करायचं: हे लिमिट.
संदर्भग्रंथ घरी न्यायचा नाही: हे रिस्ट्रिक्शन, म्हणजे कुणीतरी घातलेला निर्बंध.
पुस्तक विकत घ्यायचंय, पण खिशात पैसे नाहीत: हे कन्स्ट्रेंट, परिस्थितीची अडचण.
पुस्तक कन्नडमध्ये आहे आणि मला कन्नड वाचता येत नाही: हे माझं लिमिटेशन.

आता ‘मर्यादा’कडे या. मराठीत या शब्दाला अदबीचा वास आहे. ‘नो युवर लिमिटेशन्स’ हा सल्ला आहे: आपली कुवत ओळख. त्याचं भाषांतर ‘मर्यादेत राहा’ केलंत, तर सरळ दमच दिल्यासारखं होईल. तिथे ‘कुवत’, ‘आवाका’, ‘उणीव’ यांतला योग्य शब्द निवडावा. खर्चाचा विषय असेल, तर ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ आहेच! आणि ‘दॅट्स द लिमिट!’ला आपल्याकडे ‘हद्द झाली!’ हा जोडीदार तयार आहे.

कायद्यात तर वेगळीच गंमत. १९६३ च्या ‘लिमिटेशन ॲक्ट’मध्ये लिमिटेशन म्हणजे मुदत. उसने दिलेले पैसे परत मिळवण्याचा दावा साधारणपणे ३ वर्षांत लावावा लागतो; नाहीतर तो मुदतबाह्य ठरतो. वकिलाच्या इंग्रजी पत्रातल्या या शब्दाचा अर्थ घरच्यांना ‘मर्यादा’ असा सांगितला, तर त्यांना काय कळणार? आणि तोवर तारीख निघून गेली, तर पैसेही गेले.

शेवटी आपल्या प्रकल्पाबद्दल. ‘लिमिटेशन्स ऑफ द स्टडी’ या भागात बरेच जण ‘वेळ कमी मिळाला, चूकभूल माफ असावी’ असं लिहितात. तिथे माफी कुणी मागितलेली नसते. आपला निष्कर्ष कुठपर्यंत खरा धरायचा, एवढंच वाचकाला हवं असतं. बेळगावातल्या वीस वाचकांशी बोललात, तर तसं लिहा; निपाणी-खानापूरचे वाचक वेगळं सांगू शकतात, हेही लिहा. मुद्दाम बाजूला ठेवलेला भाग मात्र ‘डीलिमिटेशन’मध्ये जातो. ‘फक्त कथाच घेतल्या, कादंबऱ्या नाहीत’, ही तुमची निवड आहे, उणीव नव्हे.

आता सरावासाठी तीन वाक्यं. मराठी करा, पण एकाही वाक्यात ‘मर्यादा’ वापरायची नाही:

१. द सूट इज बार्ड बाय लिमिटेशन.
२. शी वर्क्स वेल विदिन हर लिमिटेशन्स.
३. धिस मेथड हॅज वन सीरियस लिमिटेशन.