गेटचा रिमोट चालेना, तेव्हा कोणत्या क्रमाने तपासावे

नाशिकमध्ये गंगापूर रोड, कॉलेज रोड परिसरातल्या बंगल्यांना मोटरवर चालणारी सरकती गेट आणि सातपूर-अंबडच्या शेडना मोटरची शटर आता सर्रास दिसतात. कितीही बटण दाबले तरी गेट हलले नाही, की आपण थेट मोटर बसवणाऱ्याला फोन लावतो. त्याआधी अर्धा तास दिला, तर पुष्कळ बिघाड घरच्या घरीच सापडतात.

या यंत्रणेचे दोन भाग असतात. हातातला रिमोट रेडिओलहरींवर एक सांकेतिक क्रमांक पाठवतो. मोटरजवळचा रिसीव्हर तो क्रमांक ओळखतो आणि मोटर सुरू करतो. दोष या दोन्हींपैकी कुठे आहे हे नक्की होईपर्यंत नवा रिमोट विकत घेऊ नये आणि मोटरच्या पेटीलाही हात लावू नये.

१. आधी भिंतीवरचे बटण दाबावे. बहुतेक गेट आणि शटरसाठी आत एक साधे बटणही बसवलेले असते. त्यानेही काही हलत नसेल, तर रिमोटला दोष देण्याचे कारण नाही. वीज आहे का आणि एमसीबी पडला आहे का ते पाहावे. शटर लागोपाठ चार-पाच वेळा वर-खाली केले असेल, तर मोटर तापून तिच्या संरक्षक स्विचने वीज आपोआप तोडलेली असू शकते. अशा वेळी अर्धा तास थांबून पुन्हा प्रयत्न करावा. मोटर नुसती गुणगुणते, पण फिरत नाही, असे असेल तर कपॅसिटर गेलेला असण्याची शक्यता मोठी. ते काम वायरमनचे आहे.

वीज नसताना गाडी बाहेर काढायची असेल, तर सरकत्या गेटच्या मोटरला मोकळे करण्याची किल्ली आणि शटरला हाताने ओढायची साखळी असते. ही किल्ली कुठे ठेवली आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे. अर्ध्यावर अडकलेल्या शटरखाली मात्र कोणीही उभे राहू नये.

२. भिंतीवरचे बटण चालते, पण रिमोट चालत नाही, असे असेल तर लॉक तपासावे. शटरच्या रिमोटवर बहुधा चार बटणे असतात : वर, थांबा, खाली आणि कुलूप. कुलपाचे बटण खिशात दाबले गेले, की बाकीची बटणे निकामी झाल्यासारखी वाटतात. ते पुन्हा दाबून किंवा रिमोटच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे लॉक काढून पाहावे.

३. दुसरा रिमोट लावून पाहावा. घरात, वॉचमनकडे किंवा शेजाऱ्यांकडे याच गेटचा दुसरा रिमोट असेल, तर हीच सगळ्यात खात्रीची तपासणी. दुसरा चालला, तर दोष आपल्या रिमोटमध्ये आहे. पुढचे तीन मुद्दे त्यासाठी आहेत. दुसराही चालला नाही, तर सरळ सातव्या मुद्द्यावर यावे.

४. सेल बदलावा. बटण दाबल्यावर रिमोटवरचा लाल दिवा लागतो, म्हणून सेल चांगला आहे असे समजू नये. दिवा थोड्या विजेवरही लागतो. लहरी दूरवर पाठवायला मात्र पुरेसा दाब लागतो. गेटच्या अगदी जवळ उभे राहिल्यावर रिमोट चालतो आणि रस्त्यावरून चालत नाही, हे सेल उतरल्याचे पहिले लक्षण. हिवाळ्यात आणखी एक लक्षण दिसते : पहाटे चालत नाही, दुपारी चालतो. थंडीत सेलची ताकद कमी होते. निफाडकडच्या गारठ्यात पहाटे बाहेर पडणाऱ्यांना हा अनुभव येऊ शकतो.

रिमोटमध्ये साधारणपणे दोन प्रकारचे सेल येतात. एक आखूड, नळीसारखा १२ व्होल्टचा, ज्यावर २३ए किंवा २७ए असे लिहिलेले असते. दुसरा नाण्यासारखा ३ व्होल्टचा, सीआर २०३२. २३ए आणि २७ए लांबीला जवळपास सारखे, पण २७ए थोडा बारीक असतो. म्हणून दुकानात जाताना जुना सेल सोबत न्यावा. एम. जी. रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किंवा घड्याळाच्या दुकानात तो सहसा मिळतो. पाकिटावरची तारीख पाहून घ्यावा, कारण जुना साठा असेल तर नवा सेलही कमजोर निघतो.

मल्टिमीटर असेल तर सेलचा दाब मोजावा. नव्या १२ व्होल्टच्या सेलवर १२ च्या वर आकडा दिसायला हवा. तो १० च्या आसपास आला असेल, तर सेल बदलावाच. नाण्याच्या सेलबाबत २.७ ही साधारण सीमा धरावी. लहान मुलांच्या घरात नाण्याचा सेल कुठेही पडू देऊ नये. तो गिळला गेला तर अन्ननलिका भाजते, आणि ते जिवावर बेतू शकते. वापरलेला सेल घंटागाडीतल्या ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता वेगळा द्यावा.

५. नवा सेल टाकूनही रिमोट चालत नसेल, तर तो उघडावा. मागचा एखाद-दुसरा स्क्रू काढला, की दोन अर्धे सुटतात. सेलच्या स्प्रिंगवर हिरवट किंवा पांढरा थर दिसला, तर तो सुक्या टूथब्रशने घासून, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसावा. हे अल्कोहोल मोबाईल दुरुस्तीवाले वापरतात. स्प्रिंग सैल झाली असेल तर बोटाने हलकेच ओढून वर करावी.

मग रबरी बटणांच्या खालची बाजू पाहावी. तिथे काळे कार्बनचे ठिपके असतात. बटण दाबले की हा ठिपका आतल्या सर्किटच्या पट्टीवरच्या दोन रेषा जोडतो. जे बटण सगळ्यात जास्त वापरले जाते, त्याचा ठिपका आधी झिजतो. म्हणूनच ‘उघड’ चालत नाही आणि ‘बंद’ चालते, असे होते. ठिपका धुळीने झाकला असेल तर अल्कोहोलने पुसता येतो. पूर्ण झिजला असेल तर नवीन रिमोट घेणे सोयीचे.

रिमोट उंचावरून पडल्यानंतरच बंद झाला असेल, तर आतला लहरींची वारंवारता पक्की ठेवणारा धातूचा छोटा गोल भाग तडकलेला असण्याची शक्यता असते. तेव्हा दिवा लागतो, सेल नवा असतो, तरी गेट हलत नाही. घरी याला उपाय नाही.

६. रिमोट पावसात भिजला असेल, तर सर्वात आधी सेल काढावा. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात दुचाकीवरून येणाऱ्यांना याचे महत्त्व कळेल. सेल आत राहिला, तर ओलाव्यातून वीज वाहते आणि पट्टीवरच्या रेषा खाल्ल्या जातात. रिमोट उघडून पंख्याखाली दिवसभर ठेवावा. तवा, इस्त्री किंवा केस वाळवायच्या यंत्राचा कडक झोत यांच्याजवळ नेऊ नये.

७. सगळेच रिमोट बंद असतील किंवा सगळ्यांचाच पल्ला कमी झाला असेल, तर रिसीव्हरकडे लक्ष द्यावे. त्यातून साधारण १७ सेंटिमीटरची एक उघडी तार लोंबकळताना दिसते. ती अँटेना आहे. बाजारातले अनेक रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतात, आणि या लहरीच्या लांबीचा चौथा भाग तेवढाच येतो. ही तार कोणी ‘फालतू लोंबतेय’ म्हणून कापली, गुंडाळली किंवा लोखंडी चौकटीला चिकटवली, तर पल्ला एकदम घटतो. ती मोकळी आणि सरळ ठेवावी.

अलीकडे गेटजवळ नवीन एलईडी दिवा, कॅमेरा किंवा इन्व्हर्टर बसवला आहे का, तेही आठवावे. स्वस्त एलईडीच्या चालक सर्किटमधून गोंधळ करणाऱ्या लहरी निघतात. तो दिवा बंद करून रिमोट चालतो का पाहावे. पेटी उघडण्यापूर्वी एमसीबी आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करावेत. पावसाळ्यात आत मुंग्या किंवा पालीचे बस्तान दिसले, तर सफाईचे काम तंत्रज्ञाकडेच सोपवावे.

८. गेट उघडते, पण बंद होत नाही, तेव्हा रिमोट बहुधा निर्दोष असतो. गेटच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवलेले डोळे, म्हणजे फोटोसेल, मध्ये अडथळा असल्याचे समजत असतात. काचेवरची माती, कोळ्याचे जाळे किंवा वाढलेली बोगनवेलची फांदी काढावी. डोळे एकमेकांच्या सरळ रेषेत आहेत ना, तेही पाहावे.

९. शेवटी रिमोटची नव्याने ओळख करून द्यावी. बहुतेक रिसीव्हरवर ‘लर्न’ नावाचे छोटे बटण असते. ते क्षणभर दाबल्यावर दिवा लागतो. मग काही सेकंदांत रिमोटचे बटण दाबले, की दिवा लुकलुकून नोंद झाल्याचे सांगतो. हे बटण बराच वेळ दाबून ठेवले तर जुने सगळे रिमोट पुसले जाऊ शकतात, म्हणून पुस्तिका आधी वाचावी. जुन्या यंत्रणेत लर्न बटणाऐवजी बारीक खटक्यांची ओळ असते. रिमोट आणि रिसीव्हर या दोन्हीकडच्या खटक्यांची जुळणी सारखी हवी. किल्लीवाल्याकडून नक्कल करून घेतलेला रिमोट फक्त स्थिर क्रमांकाच्या यंत्रणेवर चालतो. प्रत्येक दाबण्याला क्रमांक बदलणारी, म्हणजे रोलिंग कोडची यंत्रणा असेल, तर त्याच कंपनीचा रिमोट घेऊन नोंदवावा लागतो.

१०. तंत्रज्ञाला बोलवायचे ठरल्यास मोटरवरील नावपट्टीचा आणि रिमोटच्या मागच्या बाजूचा फोटो आधीच पाठवावा. भिंतीवरचे बटण चालते का, दुसरा रिमोट चालतो का आणि बिघाड अचानक झाला की हळूहळू, या तीन गोष्टी सांगाव्यात. योग्य सुटे भाग घेऊनच तो येऊ शकेल. रिमोट हरवला असेल, तर त्याच भेटीत रिसीव्हरची स्मृती पूर्ण पुसून घरातले उरलेले सर्व रिमोट नव्याने नोंदवून घ्यावेत.