पुराचे पाणी व पिकअपचा डिफरन्शियल

२७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान अडकून पडली. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यात भाजीपाला नेणाऱ्या पिकअप गाड्यांनाही पावसाळ्यात सखल रस्त्यांवरील पाण्यातून जावे लागते. त्या वेळी इंजिनाची काळजी सर्वच घेतात. मागील आसावरील डिफरन्शियलकडे सहसा कोणी पाहत नाही.

माल भरून धावताना डिफरन्शियलच्या पेटीतील तेल तापते, हवा फुगते व वर बसविलेल्या ब्रीदर नावाच्या लहान तोटीतून बाहेर पडते. तापलेली पेटी एकाएकी गार पाण्यात बुडाली की आतील हवा आकसते आणि ब्रीदरवाटे पाणी आत ओढले जाते. ब्रीदर चिखलाने बुजलेला असल्यास तेच पाणी ऑइल सीलमधून शिरू शकते. तेल झिरपते म्हणून ब्रीदर बुजवून टाकणे हा उपाय नव्हे. त्यामुळे तेल सीलमधून बाहेर पडून ब्रेकपर्यंत पोहोचण्याचा धोका असतो.

पावसाळ्यापूर्वी ब्रीदर साफ करावा. त्यास रबरी नळी जोडून तिचे तोंड उंचावर बांधल्यास उत्तम. गाडी पाण्यातून गेल्यास तेल भरावयाचा बूच उघडून पाहावा. तेल दुधी दिसल्यास गाडी न चालविता ते बदलावे. पाणी मिसळलेले तेल दात्यांचे व बेअरिंगचे रक्षण करीत नाही. नवे तेल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच असावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही तपासणी गावातील एखाद्या गाडीवर प्रत्यक्ष करून दाखवावी.