इंग्रजी शिकूया : शोधायचं तर ‘लुक फॉर’

मैत्रिणींनो, कुरडया-पापडाचा मेसेज बाहेरगावच्या दुकानदारांना पाठवताना आपल्यातल्या एकीनं लिहिलं, ‘वुई आर लुकिंग अ बायर.’ म्हणायचं होतं, आम्ही गिऱ्हाईक शोधतोय. मराठीत ‘गिऱ्हाईक शोधतो’ म्हटलं की झालं, मधे काही लागत नाही. म्हणून ‘फॉर’ गळतं. पण नुसतं ‘लुक’ म्हणजे बघणं. बरोबर वाक्य : ‘वुई आर लुकिंग फॉर अ बायर.’ शेवगावच्या स्टँडवर पैठणची गाडी शोधताय? ‘आय ॲम लुकिंग फॉर द पैठण बस.’

‘फॉर’च्या जागी ‘आफ्टर’ आलं तर अर्थच फिरतो. ‘आय ॲम लुकिंग फॉर माय गोट’ म्हणजे शेळी हरवलीय, शोधतेय. ‘लुकिंग आफ्टर माय गोट’ म्हणजे शेळी सांभाळतेय. आता विम्याच्या अर्जात काय लिहाल, बघा बाई!

‘फाइंड’ म्हणजे सापडणं. पासबुक घरभर शोधलं, सापडलं नाही : ‘आय लुक्ड फॉर द पासबुक, बट आय डिड नॉट फाइंड इट.’ ‘डिड’ आलं की ‘फाउंड’ नको.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं हरवलेल्या वस्तूवर एक वाक्य लिहून आणायचं.