सहा फुटी लेथ घेण्याआधी

चि. संकेत,

"मामा, सहा फुटी लेथ स्वस्तात मिळतोय, उचलू का?" असं तू विचारलंस. फोनवर हो-नाही सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून लिहितोय.

सहा फूट ही बेडची लांबी. त्याच बेडवर हेडस्टॉक बसतो आणि टेलस्टॉकही. दोघांची जागा गेली की सेंटर ते सेंटर जेमतेम तीन फूट उरतात. शाफ्ट चकात धरून टेलस्टॉकने ड्रिल मारायचं, तर चक, ड्रिलचक आणि ड्रिलची लांबी पुन्हा त्यातूनच जाते. दलाल मोठा आकडा सांगणारच. तू विचार, "दोन सेंटरमध्ये किती?"

मग सेंटरची उंची. एचएमटीच्या एनएच २२ मधले २२ म्हणजे बेडपासून सेंटरपर्यंत २२० मि.मी. दुप्पट केलीस की बेडवरचा स्विंग, ४४०. कुणी उंची सांगतो, कुणी व्यास, तेव्हा आकडा कशाचा ते आधी ठरव. शिवाय लांब शाफ्ट टर्न करताना क्रॉस स्लाइड जॉबखालून सरकते. तिच्यावरचा स्विंग बराच कमी असतो आणि तुझ्या शाफ्टला तोच लागू.

तुझ्या बिडाच्या पुल्या ३०० मि.मी.च्या. बसतील, पण फिरतील किती वेगाने? मशीनचा सर्वांत कमी स्पीड ४५ आरपीएम असला, तर त्या व्यासावर कटिंग स्पीड मिनिटाला ४२ मीटर होतो. एचएसएस टूलची धार बघता बघता जाईल. कार्बाइड लाव, पण मग मोटर दमदार हवी. एक एचपीवर मोठा कट घेतलास की बेल्ट घसरेल. हे कुठल्याच दलालाच्या तोंडून येत नाही.

स्पिंडल बोअर ४० असेल तर ३८ चा बार आरपार जाईल. ५० चा बार आला, की प्रत्येक पीस आधी हॅक्सॉवर कापत बसायचं.

गॅप बेड असेल तर गॅपचा तुकडा जागेवर आहे ना बघ आणि सांध्यावरून नख फिरव. नख अडखळलं, तर सॅडलही तिथेच अडखळणार.

जाताना टेप, व्हर्निअर आणि तुझ्याकडचा सर्वांत लांब शाफ्ट बरोबर ने. इसार मात्र देऊ नकोस. रविवारी मी येतोय.

तुझा,
मामा